सार्वकालिक आशा आणि सोमवारची कामं



तुझा मेसेज दोनदा वाचला. फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. चहा घेऊन निवांत बस. तू विचारलंस, "ताई, उपासनेत सारखं सार्वकालिक जीवन, सार्वकालिक जीवन म्हणतात. मला तर शुक्रवारपर्यंतचा आठवडा पेलवत नाहीये. मेल्यानंतरच्या आशेचा मला आज काय उपयोग?"

असा प्रश्न पडला म्हणून अपराधी वाटून घेऊ नकोस. नगरला आपण लहानपणी संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत डोळे मिटून बसायचो, 'उपासना-संगीत'मधली गाणी पाठ म्हणायचो. तेव्हा असलं काही विचारायची गरज पडली नाही. आजूबाजूला माणसं होती, ती धरून ठेवायची. इथे नेदरलँड्समध्ये, हार्लेमला, डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. नोकरी, पाळणाघर, पाऊस आणि तिकडे आईचं अंथरूण. अशा वेळी पाठ केलेली गाणी पुरत नाहीत, हे खरं आहे. म्हणूनच आता तुला खरी प्रार्थना शिकायची वेळ आलीय, असं मी म्हणेन.

मी तुला उपदेश करत बसणार नाही. याच गावातल्या एका घराबद्दल सांगते. स्टेशनहून ग्रोते मार्क्टच्या चौकाकडे येताना तू बार्टेलयोरिसस्ट्राटवरून चालत येतेस ना, तिथे १९ नंबरचं जे अरुंद घर आहे ते टेन बूम घराण्याचं. १८३७ साली विलेम टेन बूमने तिथे घड्याळाचं दुकान काढलं. पुढे त्याचा मुलगा कास्पर घड्याळजी झाला आणि कास्परच्या हाताखाली शिकून त्याची धाकटी लेक कोरी १९२२ साली हॉलंडमधली परवानाधारक अशी पहिली स्त्री घड्याळजी ठरली. दुसऱ्या महायुद्धात या घराने ज्यूंना लपवलं, हे तुला ठाऊकच असेल. १९८८ पासून तिथे संग्रहालय आहे, जगभरातून लोक येतात आणि ती लपायची जागा बघून जातात. मला मात्र त्या घरातली युद्धाआधीची चाळीसेक वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. युद्धात जे दिसलं ते त्या वर्षांत तयार झालं होतं.

कास्परचं बघ. माणसाचा धंदाच मिनिटा-सेकंदांचा. कोरीने लिहून ठेवलंय की बरोबर वेळ घेण्यासाठी तो दर सोमवारी आगगाडीने आमस्टरडॅमला जायचा, तिथल्या नौदलाच्या वेधशाळेतून अचूक वेळ घेऊन यायचा आणि दुकानातली घड्याळं तिच्याशी जुळवायचा. सोमवार चुकवायचा नाही. आणि हाच माणूस सकाळी न्याहारीनंतर आणि रात्री झोपायच्या आधी, घरातले सगळे आणि दुकानातली नोकरमाणसं जमवून पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचायचा. रोज. गिऱ्हाईक असो वा नसो, पैसे असोत वा नसोत. एखादं घड्याळ काही केल्या दुरुस्त होईना, तर तिथेच बाकावर प्रार्थना करायचा. तारे फिरवणाऱ्याला या चाकाचंही कळत असणार, असा त्याचा साधा विश्वास होता.

एकदा घरात बिलं थकलेली होती, आणि एक श्रीमंत गिऱ्हाईक महागडं नवं घड्याळ रोख पैसे मोजून घ्यायला तयार झालं. बोलता बोलता कळलं की त्याचं जुनं घड्याळ दुसऱ्या एका तरुण घड्याळजीला नीट करता आलं नव्हतं, म्हणून तो इकडे आला होता. कास्परने जुनं घड्याळ उघडलं, किरकोळ दोष होता तो काढला, पैसे परत केले आणि त्याला त्या तरुणाकडेच परत पाठवलं. कोरी बघत राहिली. आपण म्हणू भोळा होता. मला तसं वाटत नाही. आपला हिशेब शेवटी कुणाकडे द्यायचाय हे ज्याला पक्कं माहीत असतं, त्याला आजच्या गल्ल्याची भीती कमी वाटते. सार्वकालिक आशेचा पहिला उपयोग हा. ती हातातलं काम सोडायला लावत नाही, कामातली धास्ती काढून घेते.

आता तुझ्या आईकडे येते. मला माहीत आहे, सगळ्याच्या मुळाशी तेच आहे. तिला अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला, शब्द सुटत नाहीत. व्हिडिओ कॉलवर ती नुसती बघत राहते आणि तू फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात रडतेस. आयुष्यभर दहा जणांचं करणारी बाई आता कुणाच्या उपयोगाची नाही, म्हणून तुला जास्त लागतं. हे तू स्पष्ट बोलली नाहीस, पण तुझ्या बोलण्यात होतं.

तर ऐक. कोरीच्या आईलाही हेच झालं होतं. ती १९२१ साली गेली, पण त्याआधी काही वर्षं पक्षाघाताने तिचं बोलणं गेलं होतं. 'हो', 'नाही' आणि कोरीचं नाव, एवढेच शब्द उरले होते. त्याआधी ही बाई म्हणजे गल्लीची अन्नपूर्णा. कुणी आजारी पडलं की हिचं सूप पोचायचं, कुणाच्या बाळाला टोपरं हवं असलं की हिची सुई चालायची. ते सगळं थांबलं. मग ती बार्टेलयोरिसस्ट्राटवरच्या खिडकीत खुर्चीवर बसायची आणि खालून जाणाऱ्या माणसांकडे बघायची. कुणाचा वाढदिवस आहे, कुणाच्या घरी दुःख झालंय, हे तिला आठवायचं. ती मुलीचं लक्ष वेधायची, मुलगी एकेक नाव घेत अंदाज करायची, नाव बरोबर निघालं की आईचं 'हो' यायचं आणि मग आईच्या वतीने मुलगी त्या माणसाला चिठ्ठी लिहायची. कोरीने पुढे सांगितलं की आईचं प्रेम हात थांबल्यावर तसूभरही कमी झालं नव्हतं. खिडकीत बसून ती गल्लीवर, गावावर, सगळ्या जगावर प्रेम करत होती.

मनन-चिंतन म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी या खिडकीकडे बोट दाखवीन. देवासमोर बसून माणसांकडे बघणं. त्यात उत्पादन काही नाही, पगार नाही, शाबासकी नाही. आणि माणूस म्हणजे त्याने केलेली कामं एवढंच जर असेल, तर ती बाई त्या खुर्चीत संपलेली होती. पण आपण तसं मानत नाही ना? मृत्यूपलीकडे प्रभू आपल्याला नावाने ओळखतो असं आपण म्हणतो, तेव्हा हात चालेनासे झालेली तुझी आईही पूर्णच्या पूर्ण माणूस आहे, असंच आपण म्हणत असतो. आशा इथे लागते बघ, अंथरुणाशेजारी.

आपल्याकडच्या पंडिता रमाबाईंचंही आठव. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या म्हातारपणी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. १९२१ च्या जुलैत एकुलती एक लेक मनोरमा गेली. तिच्याच भरवशावर पुढचं सगळं काम ठेवायचं होतं. रमाबाईंना स्वतःला ऐकू येईनासं झालेलं, तब्येत खचलेली. तरी त्या पुन्हा मुद्रितांना बसल्या. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. ज्या आईला लेक पुन्हा भेटणार आहे याची खात्री आहे, ती रडत नाही असं थोडंच आहे? ती रडते आणि उरलेलं काम करायला तिच्यात बळ राहतं.

तुझी दुसरी भीती मला माहीत आहे. "ताई, रात्री दोनला फोन आला आणि आई गेली असं कळलं तर? मी इथे, विमान मिळायला वेळ, मी ते कसं सोसू?" हा विचार तू रोज रात्री करतेस. छोट्या कोरीनेही असंच विचारलं होतं. शेजारच्या घरात एक तान्हं बाळ गेलं होतं, त्याचा गार हात तिने हातात घेतला आणि घरी येऊन बापाला म्हणाली, तुम्ही मरायचं नाही. कास्पर तिच्या पलंगाच्या कडेवर बसला. त्याने विचारलं, आपण आमस्टरडॅमला जातो तेव्हा तिकीट मी तुझ्या हातात कधी देतो? ती म्हणाली, गाडीत चढायच्या जरा आधी. मग त्याने समजावलं की प्रभूलाही वेळ कळते, लागेल तेव्हा बळ हातात मिळेल, आधीपासून मुठीत धरून बसायची गरज नाही.

अगं, मला स्वतःला याहून चांगलं काही सांगता येत नाही. उद्याच्या दुःखाचं बळ आज मागितलं तर मिळत नाही. आजच्या दिवसाचं मिळतं. तू रोज रात्री दोनचा फोन आधीच घेतेस आणि सकाळी रिकामी उठतेस.

आणि त्या बापलेकीची गाडी खरंच आली की गं. २८ फेब्रुवारी १९४४ ला घरावर नाझींची धाड पडली. वरच्या मजल्यावर कोरीच्या खोलीत खोटी भिंत घालून जेमतेम अडीच फूट खोल जागा केलेली होती, कपाटाच्या खालच्या फळीतून सरपटत आत शिरायचं. त्यात सहा जण होते, ते सापडले नाहीत आणि दोनेक दिवसांनी सुखरूप बाहेर काढले गेले. पण घरातल्यांना आणि प्रार्थनेला जमलेल्या पाहुण्यांनाही पकडून नेलं. कास्पर तेव्हा चौऱ्यांशी वर्षांचा. वय बघून अधिकाऱ्याने सोडायची तयारी दाखवली, फक्त पुन्हा असलं करणार नाही एवढं कबूल करा म्हणाला. त्यावर म्हाताऱ्याने शांतपणे सांगितलं की उद्या घरी गेलो तर जो कोणी गरजू दार ठोठावेल त्याला पुन्हा दार उघडीन. दहा दिवसांनी, ९ मार्चला, तो कैदेतच गेला. त्या क्षणी त्याने धैर्य कुठून आणलं असं लोक विचारतात. मला वाटतं त्याने वेगळं काही केलंच नाही. इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ अध्याय वाचणारा माणूस त्या दिवशी जे रोज बोलायचा तेच बोलला.

कोरीची थोरली बहीण बेत्सी माझी जास्त लाडकी. जन्मापासून पांडुरोगाने अशक्त, लग्न केलं नाही. आधी दुकानात हिशेब सांभाळायची आणि कोरी घरकाम. एका हिवाळ्यात बेत्सी आजारी पडली म्हणून अदलाबदल झाली, तेव्हा दोघींना उमगलं की आपण इतकी वर्षं एकमेकींच्या जागी उभ्या होतो. कोरीला घड्याळांत गोडी लागली. बेत्सीने घर हातात घेतलं आणि खिडकीत फुलं आली, पातळ सुपालाही चव आली. बेत्सीने भक्ती शिकली ती अशी, टेबलावरचा कपडा नीट अंथरत. तुरुंगाच्या कोठडीतसुद्धा तिने मिळेल त्या चिंधी-कागदाने मांडामांड केली होती, हे कोरीने दाराच्या फटीतून पाहिलं. आपण घरकामाला कटकट म्हणतो. डबा भरताना, मोजे घड्या करताना प्रभूची आठवण ठेवता येते, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

पिसवांची गोष्ट तू ऐकलीच असशील, सगळे पाळक सांगतात. तुरुंगानंतर दोघी बहिणींना रावेन्सब्रुकच्या छळछावणीत नेलं, तिथल्या बराकीत पिसवा बुजबुजलेल्या. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पौलाने सर्व स्थितीत उपकारस्तुती करा म्हटलंय, म्हणून बेत्सीने पिसवांसाठीही आभार मानले. कोरीला ते पटलं नाही. पुढे कळलं की पिसवांमुळेच पहारेकरणी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या, आणि म्हणून तिथे रात्री बायकांना शास्त्र वाचून दाखवता येत होतं. गोष्ट सुंदर आहे, पण ती सांगून कुणी तुझ्यावर आभार लादायला लागलं तर ऐकू नकोस. आईच्या आजारासाठी देवाचे आभार मान, असं मी तुला कधी म्हणणार नाही. बेत्सीने क्रौर्याचे आभार मानले नव्हते. त्या क्रौर्याच्या आतसुद्धा प्रभू हजर आहे, एवढंच ती धरून होती. आणि कोरीला जे जमलं नाही तेही तिने प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय, हे मला फार मोलाचं वाटतं.

बेत्सी १६ डिसेंबर १९४४ ला तिथेच गेली. त्या शेवटच्या आठवड्यांत ती काय बोलत होती माहितीये? युद्धानंतर पोळलेल्या माणसांसाठी एक घर हवं, मोठ्या खिडक्यांचं, बाग असलेलं, तिथे त्यांनी फुलझाडं लावावीत. मरणाच्या दारात बागेचा आराखडा! स्वर्गाकडे डोळे लागलेली माणसं पृथ्वीवरून नजर काढून घेतात, हा आरोप बेत्सीपुढे टिकत नाही. कोरी सुटून आली आणि १९४५ मध्येच हार्लेमला लागून असलेल्या ब्लूमेनडालमध्ये तसं घर उघडलं. तू रविवारी मुलाला घेऊन वाळूच्या टेकड्यांकडे सायकलने जातेस ना, त्याच वाटेवरचं गाव.

बरं, आता कामाचं बोलू. "ताई, मला दहा मिनिटंही मिळत नाहीत," हे तू म्हणणारच. रात्री नऊला ग्रोते मार्क्टवरच्या सेंट बाव्होच्या मनोऱ्यातून बारक्या घंटा वाजायला लागतात, ऐकल्यास ना? त्यांना दामियात्येस म्हणतात. पूर्वी गावाच्या वेशी बंद करायच्या वेळी त्या वाजत. वेशी गेल्या, पण रोज नऊ ते साडेनऊ घंटा चालूच आहेत. त्या वेळी तुझं पोर झोपलेलं असतं आणि तू सोफ्यावर फोन चाळत असतेस. घंटा सुरू झाली की फोन दुसऱ्या खोलीत ठेव. खिडकीपाशी बस. दिवा बारीक केलास तरी चालेल. शुभवर्तमानातल्या चार-पाच ओळी हळू वाच, अध्याय संपवायची घाई नको. त्यातला जो शब्द मनाला लागेल तिथेच थांब. मन भटकेल, ऑफिसात जाईल, नगरला जाईल. जाऊ दे, रागावू नकोस, पुन्हा त्या शब्दापाशी ये. मग खालच्या रस्त्यावरची माणसं, इमारतीतली, ऑफिसातली, एकेकाचं नाव घे. शेवटी आजच्या दिवसातली एक खरी गोष्ट शोधून तिच्याबद्दल आभार मान. मोघम 'सगळ्याबद्दल' नको. आज पाळणाघरातल्या बाईने पोराचा ओला मोजा बदलला, असं काहीतरी.

घरात बसवत नसेल तर दुपारी होफ्यात, म्हणजे अंगणाभोवतीच्या जुन्या धर्मादाय घरांच्या वस्तीत, जा. बाकेनेसचं होफ्ये १३९५ सालचं आहे, एकट्या-दुकट्या गरीब बायकांना राहायला म्हणून बांधलेलं. आतल्या अंगणात गेलं की शहराचा आवाज कमी होतो. माणसं राहतात तिथे, तेव्हा हळू चाल, गप्प बस आणि निघ. आणि या गावात बायकांच्या प्रार्थनेचा इतिहास मोठा आहे बरं. १५७८ नंतर हार्लेम प्रोटेस्टंटांच्या हाती गेलं, मठ बंद झाले, तरी कॅथलिक बायकांचा एक मोठा समूह 'दे हूक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरांत राहून लपूनछपून उपासना करत होता. मठासारख्या औपचारिक शपथा नाहीत, मठाच्या भिंती नाहीत. शिवण-टिपण करायचं, मुलांना शिकवायचं, आजाऱ्यांचं बघायचं आणि प्रार्थनेच्या वेळा चुकवायच्या नाहीत. त्यांच्यातल्या कातरिना यान्स ओली या बाईने सतराव्या शतकात दोनशेहून अधिक जणींची चरित्रं लिहून ठेवली. आपण प्रोटेस्टंट घरातल्या, त्या कॅथलिक, तरी मला त्या सख्ख्या वाटतात. परवानगी नसताना त्यांनी जे सांभाळलं, ते आपल्याला मोकळीक असताना का जमू नये?

अजून एक, आणि हे लक्षपूर्वक ऐक. तू लिहिलंस की महिन्यापासून झोप येत नाही, जेवण जात नाही. मग आधी हाउसआर्ट्सची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ घे. प्रार्थना करणाऱ्या बाईने डॉक्टरकडे जाऊ नये असं कुठेही लिहिलेलं नाही. विश्वास कमी आहे म्हणून हे होतंय, असं मंडळीत कुणी म्हणालं तर माझं नाव सांग, मी बोलेन त्यांच्याशी. मनाचा आजार आणि आत्म्याची तहान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, दोन्हींकडे बघायला हवं. वेळ घ्यायला इथल्या डच बोलण्याची अडचण वाटत असेल तर मी सोबत येईन.

आणि क्षमेचा विषय तू काढलास, भावाने आईच्या उपचारात हात आखडता घेतला म्हणून. त्याची घाई करू नकोस. १९४७ साली म्युनिकमध्ये एका सभेनंतर रावेन्सब्रुकचा जुना पहारेकरी कोरीपुढे हात करून उभा राहिला, तेव्हा तिचा हात उचलेना. तिने मनात प्रार्थना केली, मग उचलला. आयुष्यभर क्षमेवर बोलणाऱ्या बाईचा हा अनुभव. तू सध्या घंटेच्या वेळेला भावाचं नाव नुसतं घे. गोड भावना आली नाही तरी नाव घे. हिशेबाचं बोलणं वेगळं, ते सरळ आणि लेखी कर.

आता शेवटचं, आणि हे आजच कर. आईला फोन लावशील तेव्हा तिला औषधं घेतलीस का, जेवलीस का, एवढंच विचारून ठेवू नकोस. तिच्याकडे काम माग. म्हण, "आई, मला तुझी प्रार्थना हवीय. माझ्या ऑफिसातल्या या बाईसाठी, खालच्या मजल्यावरच्या या आजोबांसाठी, तुझ्या नातवासाठी." नावं सावकाश सांग. तिला बोलता येत नाही, पण ऐकू येतं आणि कळतं. आठवड्याने त्यांचं काय झालं ते तिला कळव, मग नवी नावं दे. तिची खाट खिडकीपाशी हलवायला भावाला सांग, गल्ली दिसेल अशी.